तेरा ते एकोणीस: फँटसी कादंबऱ्यांबद्दल खरं खरं बोला

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

किशोरांसाठीच्या फँटसी कादंबऱ्यांवर इथे आधीही बरंच लिहून झालंय, पण लिहिणारे सगळे माझ्यासारखे, म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलेले. ज्यांच्यासाठी ही पुस्तकं निघतात ती मंडळी एक तर रोमात (म्हणजे नुसतं वाचत) बसतात, नाही तर 'मस्त आहे' एवढं टाकून पळतात. हा धागा त्यांच्यासाठी.

तुमचं मत कुणी कशाला विचारेल, असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट सांगते. १९३६ साली लंडनच्या एका प्रकाशकाने 'द हॉबिट'चं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनर अन्विनला, वाचायला दिलं. एका शिलिंगाच्या मोबदल्यात त्याने छोटासा अभिप्राय लिहिला आणि १९३७ मध्ये पुस्तक बाहेर आलं. दहा वर्षांच्या या साहेबांनी त्यात म्हटलं होतं की नकाशे असले तर चित्रांची गरज नाही, आणि पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः त्या वयातून नुकतेच निवृत्त झालेले, पण शिफारस मात्र धाकट्यांसाठी!

नियम थोडेच आहेत. पहिल्या प्रतिसादात वय सांगा. शेवट फोडणार असाल तर आधी बोंब मारा. वीस वर्षांवरच्यांनी विचारल्याशिवाय उपदेश करू नये (हे मलाही लागू). आवडलं नाही तर का नाही, हे मात्र नीट सांगायचं. 'बोअर आहे' चालणार नाही.

तलवारबहाद्दर

वय १५. मावशी, खरं बोला म्हणालात ना, मग ऐका.

मला 'निवडलेला एकच' या प्रकाराचा वीट आलाय. भविष्यवाणी असते. हिरो अनाथ असतो. त्याला आपल्यात काय शक्ती आहे ते माहीत नसतं, बाकी अख्ख्या राज्याला माहीत असतं. मग एक म्हातारा येतो, चार गोष्टी शिकवतो आणि योग्य वेळी मरतो. यानंतर ज्या सेनापतीने आयुष्यभर तलवार चालवली त्याला आपला हिरो दोन आठवड्यांच्या सरावावर लोळवतो. मी स्वतः तलवारबाजी शिकतो (खरंच, आयडी उगाच नाही घेतलेला). दोन आठवड्यांत माणूस पाय कुठे ठेवायचा तेवढंच शिकतो, आणि तेही चुकवतो.

दुसरी तक्रार 'थ्रोन ऑफ ग्लास'बद्दल. २०१२ चं पुस्तक, माझ्या वर्गात अर्ध्या जणांचं देवघर. सेलेना म्हणे राज्यातली सगळ्यात खतरनाक मारेकरी. आता, राजवाड्यात स्पर्धकांचे एकामागून एक खून पडतायत. हिच्या खोलीत नाव-गाव नसलेली खाऊची पिशवी येते आणि ही काय करते? खाऊन टाकते! मी खतरनाक नाहीये, तरी मी खाणार नाही.

तिरकस

वय १७. खाऊवाल्या मुद्द्याला +१००. पहिल्या पुस्तकात ती मारेकरी असल्याचं आपल्याला पानोपानी *सांगितलं* जातं. पाहायला मिळतात ते कपडे, कुत्रं आणि दोन देखणे तरुण.

निळीशाई

वय १६. आले मी, माहीतच होतं कुणीतरी खाऊ काढणार.

@तलवारबहाद्दर, ती मुलगी वर्षभर मिठाच्या खाणीत कैदी होती. फटके, उपासमार, सगळं. अशा माणसासमोर गोड खायला आलं तर तो आधी प्रयोगशाळेत तपासायला पाठवेल का? मला तो प्रसंग आवडतो. जगातली सगळ्यात धोकादायक मुलगी अठरा वर्षांचीच आहे आणि तिला गोड आवडतं, हे तिथे कळतं. तुम्हाला ती प्रत्येक पानावर दात-ओठ खात हवी आहे. मुलगा असता तर 'थंड डोक्याचा, बेफिकीर' म्हणून त्याचंच कौतुक केलं असतं.

आणि साचा, साचा म्हणून काय ओरडता रे? आमच्या घरातली मोठी माणसं खुनाच्या तपासाच्या कादंबऱ्या वाचतात. प्रत्येकीत खून होतो, प्रत्येकीत खुनी सापडतो. त्यांना कुणी 'तेच तेच काय वाचता' म्हणून हटकत नाही. माझी गेल्या वर्षी शाळा बदलली. नव्या वर्गात कुणी बोलायचं नाही. तेव्हा मला धक्के देणारं पुस्तक नको होतं. शेवटी सगळे भेटणार आहेत, याची खात्री असलेली जाडजूड मालिका हवी होती, आणि ती मिळाली. जाडजूड असण्याचाही उपयोग असतो: मधल्या सुट्टीत त्यामागे तोंड लपवता येतं.

तिरकस

हा मुद्दा मान्य. पण मग 'मला त्या वेळी बरं वाटलं' म्हण, 'उत्तम लेखन' म्हणू नकोस.

निळीशाई

मी उत्तम लेखन म्हटलंच नव्हतं. परत वाच.

पिटुकली_ड्रॅगन

वय १३. मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा.

मला पर्सी जॅक्सन सगळ्यात जास्त आवडतो. तो पहिल्या पुस्तकात १२ वर्षांचा आहे आणि सारखा शाळेतून काढला जातो. त्याला वाचताना अक्षरं तरंगल्यासारखी दिसतात, कारण त्याला डिस्लेक्सिया आहे. पण तिथे सांगतात की त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी बनलाय म्हणून तसं होतं. माझ्या भावालाही डिस्लेक्सिया आहे. त्याला मी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण नंतर पुस्तक त्याच्या खोलीत सापडलं.

माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. पर्सीचे पहिले पाच भाग झाले, पुढची मालिकाही झाली. आता मोठी मुलं म्हणतात ते बारक्यांचं आहे, किशोर विभागातलं वाच. मी तिथून ड्रॅगनचं चित्र बघून एक घेतलं. सुरुवात छान होती, पण मध्ये असा एक प्रसंग आला की मी पुस्तक मिटून उशीखाली ठेवलं. कुणी विचारलं तर काय सांगायचं, कळेना. मला ड्रॅगनबद्दल वाचायचं होतं. माझ्यासारख्यांनी काय वाचायचं? की थेट सोळा वर्षांचं व्हायची वाट बघायची?

घुबड

वय १९, नियमात कसाबसा बसतो.

@पिटुकली_ड्रॅगन, काही चुकलं नाही तुझं. या धाग्यावरचा आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रश्न तूच विचारलायस. मीही तिथेच अडकलो होतो.

रेनरच्या गोष्टीवरून आठवलं, सगळा घोळ कपाटावरच्या पाटीचा आहे. हॅरी पॉटर पहिल्या पुस्तकात ११ वर्षांचा, १९९७ साली. शेवटचं पुस्तक २००७ मध्ये आलं. तेव्हाच्या वाचकाला मधे मधे थांबावं लागायचं, तो पुस्तकांबरोबर वाढला. पहिलं पुस्तक सत्त्याहत्तर हजार शब्दांच्या आसपास, पाचवं अडीच लाखांच्या वर. जाडीबरोबर काळोखही वाढत गेला. आता सातही एका खोक्यात येतात. माझ्या चुलतबहिणीने नवव्या वर्षी सुरुवात केली आणि सुट्टी संपायच्या आत ती सातव्यातल्या मरणांपाशी पोचली. तिला ते पेललं नाही. यात पुस्तक वाईट नाही आणि तीही कच्ची नाही, मधली वर्षंच गायब झाली.

पण ते निदान लहानपणापासून मोठेपणाकडे तरी जातं. आताच्या किशोर फँटसीत नायिका पहिल्याच पानावर सतरा-अठराची असते. पाटीवर '१२ वर्षांपुढे' लिहितात आणि आत सगळं अठराचं.

वाळवी

वय विचारू नका. विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून मीच मला विचारतो: 'काय हो वाळवी, तुमचं काय मत?' बरं झालं विचारलंत.

पोरांनो, अर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचा. १९६८ चं आहे. एका प्रकाशकाने त्यांना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हटलं, त्यातून ते आलं. त्या काळी गोष्टीतले जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचे म्हातारे. बाईंना प्रश्न पडला की हे म्हातारे तरुण असताना काय करत असतील, शिकले कुठे? त्यातून गेड आला आणि त्याची जादूची शाळाही. पुस्तक इतकं लहान की तुमच्या मालिकांच्या एका भागात चार अर्थसी बसतील. जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं. गेड मगरुरीत नको ते करून बसतो, एक सावली मोकळी सोडतो आणि मग ती त्याच्या मागे लागते. निवडलेला नाही, भविष्यवाणी नाही, सगळं स्वतःच्या करणीचं.

@तलवारबहाद्दर, तुझ्यासाठीच लिहिलंय समज.

तलवारबहाद्दर

काका, वाचलंय. माफ करा, पण मला नाही भिडलं. सगळं लांबून सांगितल्यासारखं आहे. गेड घाबरला असं लिहिलंय, पण मी नाही घाबरलो. माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. साध्या गप्पा, टिंगल, भांडण, काहीच नाही. मित्र आहे, पण तोही गंभीर.

पान_दुमडलेलं

वय १४. मला उलट तेच आवडलं! आताच्या पुस्तकांत हिरो घाबरला की चार ओळी त्याच्या छातीचे ठोके, चार ओळी तळहाताचा घाम. इथे नुसती होडी, समुद्र आणि सावली. मी रात्री वाचत होते आणि खोलीच्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी तो पळायचं थांबून तिच्याच मागे लागतो, तिथे तर

रानजाई

बोंब! बोंब मारा आधी!

पान_दुमडलेलं

सॉरी मावशी. थांबले.

तिरकस

माझी अडचण साच्यापेक्षा आवाजाची आहे. 'द हंगर गेम्स' २००८ मध्ये आलं. 'मी' सांगतेय आणि आत्ता, या क्षणी घडतंय, अशी त्याची रचना. तिथे ते शोभतं, कारण नायिका कॅटनिस जगणार की मरणार हे तिलाही माहीत नाही. पण मग सगळ्यांनीच तो सूर उचलला. तलवारी असोत, पऱ्या असोत, अवकाशयान असो, प्रत्येक मुलगी तशाच तुटक वाक्यांत बोलते. तोच टोमणा, तोच परिच्छेदाच्या शेवटी एका शब्दाचा ठोका. 'डायव्हर्जंट'च्या तिसऱ्या भागात एक प्रकरण तिचं, एक त्याचं असं आहे. पुस्तक खाली ठेवून परत उचललं की कोण बोलतंय हे कळायला प्रकरणाच्या डोक्यावरचं नाव बघावं लागायचं.

निळीशाई

ही दोन्ही फँटसी नाहीत, भविष्यातल्या हुकूमशाहीच्या गोष्टी आहेत. धाग्याचं नाव वाच.

तिरकस

साथ तिथून आली, फँटसीत पसरली. रोगाचा उगम सांगायचा नाही का?

कोऱ्या_पानांची_वही

वय १८. इतके प्रतिसाद झाले आणि 'सिक्स ऑफ क्रोज'चं नाव नाही? २०१५ चं आहे. सहा जण, एक अशक्य चोरी, आणि निवडलेला कुणीच नाही. उलट सगळे टाकलेले आहेत. त्यांचा म्होरक्या काझ सतत हातमोजे घालतो. शहरातले लोक त्याच्या हातांबद्दल नाना अफवा पसरवतात: नखंच आहेत, रक्ताचे डाग आहेत. खरं कारण खूप उशिरा कळतं, आणि तोवर त्याने हातमोजा काढण्याची एक साधी हालचाल कुठल्याही लढाईपेक्षा मोठी झालेली असते. याला म्हणतात पात्र उभं करणं. शिवाय दोन भागांत, २०१६ पर्यंत, त्या चोरांची गोष्ट संपते. संपते!! असं पुस्तक असू शकतं.

तलवारबहाद्दर

पुस्तक भारी, वाद नाही. पण काझ १७ वर्षांचा?? टोळी चालवतो, जुगारखाना चालवतो, साठीच्या व्यापाऱ्यांना घाबरवतो. माझा दादा सतरा वर्षांचा आहे. त्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत. मी मनातल्या मनात सगळ्यांची वयं दहाने वाढवून वाचलं, मग जमलं.

कोऱ्या_पानांची_वही

त्यांच्या जगात लहानपण परवडतच नाही, तेच तर सांगायचंय.

अर्धवट_लेखक

वय १६, मी लिहितोसुद्धा. (हसू नका.)

मला सगळ्यात जास्त राग येतो तो 'एरागॉन'ला हसणाऱ्यांचा. हो, शेतावरचा मुलगा, हो, ड्रॅगन, हो, गुपित लपवणारा म्हातारा गुरू, सगळं इकडून तिकडून उचललंय हे मलाही दिसतं. पण क्रिस्टोफर पाओलिनीने ते पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं. आधी घरच्यांनीच छापलं आणि २००३ मध्ये मोठ्या प्रकाशनाने काढलं तेव्हाही तो विशीच्या आत होता. तीन भाग म्हणाला होता, चार झाले, चौथा २०११ मध्ये. पहिल्या भागात ड्रॅगनचं अंडं फुटतं आणि पिल्लाला हात लावल्यावर त्या मुलाच्या तळव्यावर थंडगार झटका बसून चांदीसारखी खूण उमटते. पंधरा वर्षांच्या मुलाला नेमकं हेच लिहावंसं वाटणार. मोठ्या माणसाने लिहिलं असतं तर त्याने आधी तीस पानं राज्याचा इतिहास दिला असता.

वाळवी

इतिहासाची तीस पानं मला आवडतात. पण मी वाळवी आहे.

घुबड

वाट बघण्यावरून एक राहिलं. टोमी अडेयेमीचं 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' २०१८ मध्ये आलं तेव्हा मी वेडा झालो होतो. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा देवता, मंत्रही योरुबा भाषेत. ग्रीक आणि नॉर्स सोडून जगात इतरही देव आहेत हे फँटसीत पहिल्यांदा दिसलं. दुसरा भाग २०१९ मध्ये. तिसरा थेट २०२४ मध्ये. तोवर मीच वेगळा झालो होतो. नायिका झेली तिथेच होती, सतराच्या आसपास, आणि मी तिच्यापेक्षा मोठा. पूर्वी तिचा राग मला माझा वाटायचा. आता वाटतं, अगं जरा थांब, श्वास घे. लेखिकेला घाई करा असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या भागाच्या वाचकाला तिसरा त्याच वयात मिळत नाही, हे खरं.

वाचनमात्र

वय १७. नेहमी नुसती वाचते, आज राहवलं नाही.

कुणी पुस्तकांवरच्या छोट्या व्हिडिओंबद्दल का बोलत नाहीये? आता पुस्तक विकताना त्यात काय घडतं ते सांगतच नाहीत. 'शत्रूंचे प्रेमी' (आधी शत्रू, मग प्रेमी), 'एकच पलंग', 'हिच्यासाठी जग जाळेन' अशा चिठ्ठ्या लावतात. मैत्रिणी विचारतात, त्यात शत्रूंचे प्रेमी आहे का? आहे म्हटलं की घेतात. पुढे शत्रू म्हणजे काय, तर दोघं एकदा जिन्यात आदळलेले असतात. खऱ्या शत्रुत्वात काहीतरी माफ करावं लागतं. त्याला पानं लागतात, आणि ती पानं गेलेली असतात त्याच्या जबड्याच्या वर्णनात.

प्रेमकथेला माझा विरोध नाही. मीही वाचते, रात्री दोनपर्यंत वाचते. फक्त ड्रॅगन पार्श्वभूमीला टांगलेला पडदा असेल तर मुखपृष्ठावर त्याला एवढा मोठा काढू नका. @पिटुकली_ड्रॅगनची फसगत त्यातूनच झाली.

निळीशाई

जबड्याच्या वर्णनाबद्दल मी गप्प बसते. (आवडतं मला. झालं?)

रानजाई

मुलांनो, भलतेच भारी बोलताय. मी मधे पडणार नव्हते, पण घुबडच्या पाटीच्या मुद्द्याला एक आकडा जोडते. अमेरिकेत बोकर या संस्थेने २०१२ मध्ये पाहणी केली होती. बारा ते सतरा वयासाठी म्हणून काढलेल्या पुस्तकांच्या खरेदीदारांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यांतला सर्वात मोठा गट तीस ते चव्वेचाळीस वयाचा. मुलांसाठी नेत असतील म्हणावं, तर बहुतेक खरेदी स्वतःच्या वाचनासाठीच होती. म्हणजे माझ्यासारख्या बायाच! प्रकाशक जिकडे गिऱ्हाईक तिकडे वळणार. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये किशोर विभागातच आलं होतं. २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठासह ते मोठ्यांचं म्हणून काढलं. मजकूर तोच.

वाचनमात्र

म्हणजे पाच वर्षं ते आमच्या कपाटात होतं आणि मग एके दिवशी मोठ्यांचं झालं. वा.

तिरकस

मावशी, थोडक्यात तुम्ही आमचं कपाट बळकावलंत.

रानजाई

बळकावलं खरं. परत देणार नाही, पण सरकून बसते.

कोऱ्या_पानांची_वही

दुसरी बाजूही मांडू का? मोठ्यांनी वाचलं नसतं तर यातली निम्मी पुस्तकं छापलीच गेली नसती. आणि किशोर म्हणजे सगळे तेरा वर्षांचे नसतात. मी अठराची आहे. मला सतराच्या नायिकेचं धडधडणारं काळीज वाचायला आवडतं, आणि त्यासाठी मला मोठ्यांच्या विभागात पाठवू नका, तिथे सगळे घटस्फोटित आहेत.

घुबड

कुणी कुणाला हाकलत नाहीये. कपाटात दोन कप्पे करा, एवढंच. खालचा बारा ते पंधरा, वरचा त्यापुढे.

तलवारबहाद्दर

आणि मग मी पंधराचा कुठल्या कप्प्यात? वरच्या कप्प्याला हात लावला तर घंटा वाजणार का? मला दहाव्या वर्षीही वरचंच हवं असायचं. पाटी लावली की मुलं पाटीच्या पलीकडचंच उचलतात.

पान_दुमडलेलं

कप्पे नकोत. आत काय आहे ते मागच्या पानावर स्पष्ट लिहा, बास. रक्तपात आहे, प्रेमप्रसंग आहेत, कुत्रं मरतं. शेवटचं तर आधी लिहाच.

निळीशाई

कुत्र्यासाठी +१००००

वाळवी

चर्चा रंगलीय, पण पिटुकलीचा प्रश्न तसाच लोंबकळतोय. तिने काय वाचायचं? मला आता खरोखर विचारल्यासारखं वाटतंय, म्हणून सांगतो: टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन', २००३. टिफनी नऊ वर्षांची आहे. पहिल्या राक्षसिणीवर ती हातातल्या तव्याने चाल करून जाते. त्याआधी आपल्या धाकट्या भावाला आमिष म्हणून काठावर बसवते, आणि या गोष्टीची टोचणी तिला पुढे बराच काळ लागून राहते. पाच पुस्तकं आहेत, शेवटचं २०१५ चं, आणि प्रत्येक पुस्तकात ती मोठी होते. घुबड म्हणतो ती मधली वर्षं त्यात सगळी सापडतात.

तलवारबहाद्दर

काका, हे मात्र जबरी वाटतंय. तवा!

पान_दुमडलेलं

माझ्याकडून 'सेब्रिएल', १९९५, गार्थ निक्स. नायिका अठरा वर्षांची आहे, पण तुला उशीखाली लपवावं लागणार नाही. ती मेलेल्यांना पुन्हा मृत्यूत पाठवते, आणि त्यासाठी तिच्या छातीवरच्या पट्ट्यात सात घंटा आहेत. सगळ्यात लहान घंटा झोप आणते. प्रत्येक घंटेचा स्वभाव वेगळा, चुकीची वाजवली तर वाजवणाऱ्यावरच उलटते. सातवी, अस्टारेल, ही ऐकणाऱ्या प्रत्येकाला मृत्यूत फेकते, वाजवणाऱ्यालासुद्धा. ती घंटा पट्ट्यात आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं. पूर्ण पुस्तकभर मी तिच्याकडेच बघत होते.

जादूची किंमत मोजावी लागली पाहिजे, हे माझं एकमेव तत्त्व. फुकटची जादू असली की मला झोप येते. घंटा न वाजवता.

अर्धवट_लेखक

मी 'नॉर्दर्न लाइट्स' सुचवतो, तेही १९९५ चंच. प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात बाहेर, बरोबर चालतो. मुलांचे प्राणी सारखे रूप बदलतात, मोठं झाल्यावर एकच रूप कायम होतं. नायिका लायराला तिचा प्राणी कायमचा एकच व्हायला नकोय. मी बाराव्या वर्षी वाचलं आणि आठवडाभर, माझा कोणता होईल, या काळजीत होतो. जडच आहे, पण तू पर्सीची दोन मालिका संपवल्यायस, तुला जमेल.

पिटुकली_ड्रॅगन

थँक्यू सगळ्यांना!! एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

'द वी फ्री मेन' वाचायला घेतलं. छोटी निळी माणसं काय बोलतात ते पहिल्यांदा कळत नाही, मग मोठ्याने वाचलं की कळतं. म्हणून भावाच्या खोलीत जाऊन वाचते, तो वेगळे वेगळे आवाज काढतो. घंटांचं पुस्तक मागवलंय. प्राण्यांचंही बघेन.

वाळवीकाका, तुमचं अर्थसी मी आधी चाळलं. नकाशा खूप आवडला, बेटांची नावं वहीत लिहून घेतली. गोष्ट अजून सुरू केली नाही.

वाळवी

बेटांपासून सुरुवात करणं हीच योग्य पद्धत आहे. मी अजून त्याच पायरीवर आहे.

अर्धवट_लेखक

सगळ्यांना एक विचारायचं होतं. माझ्या गोष्टीत एक मुलगी नकाशे काढते, आणि तिने जे काढलं ते जमिनीवर तसं होतं. नदी पुसली की नदी जाते, आणि तिच्या काठचं गावही. मी तिला सतरा वर्षांची केली होती, कारण सगळेच करतात. हा धागा वाचून आता गोंधळ झालाय. सतराची ठेवू का?

तलवारबहाद्दर

नको!! आणि भविष्यवाणी असेल तर तीही काढ.

निळीशाई

भविष्यवाणी ठेव. छान असते.

घुबड

तेराची कर. गाव पुसलं गेल्यावर तेराची मुलगी काय करेल, हे मला सतराच्या मुलीपेक्षा जास्त वाचावंसं वाटेल. आणि कपाटात तिची जागा रिकामीच आहे.

पिटुकली_ड्रॅगन

तेरा नको, चौदाची करा ना. तुमचं लिहून होईपर्यंत मी चौदाची झालेली असेन.